आईची केमो चालू आहे. खाणंपिणं, चालणं, झोप यात घरच्यांनी नेमकं काय करायचं?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट वाचून सांगा. आईला (वय ५८) स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, उजवीकडच्या काखेतल्या गाठीपण काढल्या, आता दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे आणि त्यानंतर रेडिएशन सांगितलंय. आई तासगाव तालुक्यात गावी असते, केमोपुरती माझ्याकडे मिरजेला येते. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत एवढी गर्दी की रिपोर्ट बघून पुढची तारीख मिळेपर्यंत आपला नंबर संपलेला असतो. खाण्याचं विचारलं तर म्हणाले सगळं खा, चांगलं खा. आता चांगलं म्हणजे काय हे कोण सांगणार?

आणि घरी तर रोज एक नवीन डॉक्टर येतोय. मावशी म्हणते दूध बंद कर. काका म्हणतात साखर, गूळ, भात सगळं बंद, कॅन्सर साखरेवरच वाढतो. शेजारच्या काकूंनी गुळवेलीचा काढा आणि गव्हांकुराचा रस चालू करायला सांगितलाय, एकजण अल्कलाइन पाण्याचं मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर आईने अजिबात हलायचं नाही, नुसतं पडून राहायचं. जन्मभर रानात राबलेली बाई आता दिवसभर कॉटवर असते आणि म्हणते मला जिना चढायचीसुद्धा ताकद नाही. जेवण जात नाही, दोन घास खाल्ले की ताट सरकवते, फोडणीचा वास आला तरी मळमळतं. वजन ५६ वरून ५२ वर आलंय. केमो झाली की पहिल्या दोनतीन रात्री टक्क जागी असते.

अजून एक, आईला मिश्रीची सवय आहे, लग्नाच्या आधीपासून. आता तोंड आलंय तरी सकाळी लावतेच, लपून लावते. मला बोलताही येत नाही, आधीच एवढं सोसतेय, त्यात ही एक गोष्ट काढून घ्यायची म्हणजे जिवावर येतं.

तर काय खायला घालू, किती चालवू, काय बंद करू? ज्यांनी स्वतः किंवा घरात अनुभवलंय त्यांनी लिहा प्लीज.

---

रानवाटा

आईला आधी खूप खूप प्रेम सांग. मी स्वतः यातून गेलेय, स्तनाचाच, आठ केमो, रेडिएशन आणि आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. खाण्याचं इथले जाणकार सांगतीलच, मी हालचालीचं सांगते कारण तुझ्या पोस्टमधे मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

पडून राहायचं हे डोक्यातून काढून टाका. केमोचा थकवा हा कामाच्या थकव्यासारखा नसतो, झोपून तो जात नाही, उलट जेवढं पडून राहशील तेवढे स्नायू झिजतात आणि मग जिना चढायला अजूनच दम लागतो, मग अजून पडून राहायचं, हे चक्र चालूच राहतं. २०१९ साली अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या कॉलेजने जगभरच्या तज्ज्ञांना घेऊन कॅन्सर पेशंटांसाठी व्यायामाच्या शिफारशी काढल्या, त्यात सरळ लिहिलंय की आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास जरा दम लागेल असं चालणं आणि दोन वेळा हलका ताकदीचा व्यायाम एवढ्याने थकवा कमी होतो, मन उभारी धरतं, अंगातली ताकद टिकते. ट्रीटमेंट चालू असतानासुद्धा. पण हा अर्धा तास पहिल्या दिवशी नाही हं! आईला अंगणात किंवा गच्चीवर पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी एवढ्यावर सुरू कर, केमोनंतरचे दोनतीन दिवस तर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी पुरे, मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढवत जायचं. ताप असेल, चक्कर येत असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली गेले असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि ज्यांच्या हाडात आजार गेलाय त्यांनी वजन उचलणं, वाकणं-पिळणं विचारल्याशिवाय करू नये, हे इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय.

आता हात. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणजे उजव्या हाताची काळजी आयुष्यभर. फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा, ते दाखवतात तसं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर चालवत चालवत हात वर न्यायचा, जिथे ओढ बसते तिथे थांबायचं, पेन्सिलने खूण करायची आणि हळूहळू ती खूण वर सरकवायची. माझ्या बेडरूमच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत, रंग देणाऱ्याला मी त्या पुसू दिल्या नाहीत. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं हा पण व्यायामच आहे. रेडिएशन घ्यायला हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो, तेव्हा आत्तापासून खांदा मोकळा केला तर तिथे त्रास होणार नाही.

त्या हातावर शक्यतो बीपी, सुई काही नको, घट्ट बांगड्या नकोत, भांडी घासताना, बागेत रबरी हातमोजे. हाताला सूज, जडपणा, लाली दिसली तर अंगावर काढायचं नाही. मात्र "त्या हाताने काही उचलायचंच नाही" हे जुनं झालं बरं का. २००९ साली अमेरिकेत याचा नीट अभ्यास झाला, देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत नेलं तर सूज वाढत नाही असं निघालं. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरू केलं होतं.

टाटा मेमोरियलमधेही स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना घेऊन योगाचा मोठा अभ्यास झालाय, तिथे डॉक्टर, फिजिओ आणि योग शिकवणारे यांनी मिळून ऑपरेशन-केमोच्या टप्प्यानुसार काय करायचं ते ठरवलं होतं. म्हणून सांगते, टीव्हीवर बघून कपालभाती सुरू करू नका, टप्प्यानुसार शिकवणारं कोणी असेल तरच योग, नाहीतर साधं चालणं आणि दीर्घ श्वास उत्तम.

झोपेचं. केमोच्या वेळी बहुतेक डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, झोप उडवतं आणि शुगरही वाढवतं. पुढच्या दिवसांच्या गोळ्या असतील तर त्या सकाळी नाश्त्यानंतर घेतल्या तर चालतील का हे डॉक्टरांना विचार. दुपारी झोपली तर अर्धा तासच, दुपारनंतर चहा नको. आईला उजेडात बसव, सकाळी तर नक्कीच.

---

पोळीभाजी

रानवाटाताईंना अनुमोदन. माझी एकच भर पण महत्त्वाची, घरात थर्मामीटर ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा १००.४ फॅरेनहाइट किंवा वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. क्रोसिनने ताप दबतो आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी इमर्जन्सीचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता, घरात कोणीही असो, शोधाशोध नको. आणि भेटायला येणाऱ्यांना प्रेमाने सांगा, सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोला. फ्लूच्या लसीचं डॉक्टरांना विचारा, आईची आणि घरच्यांचीही.

---

डाएटवाली

मी हॉस्पिटलमधे आहारतज्ज्ञ आहे, कॅन्सरचे पेशंट रोज बघते. तुमच्या आईचं जे झालंय ते दर दुसऱ्या घरात बघते, नातेवाईक मायेपोटी एकेक पदार्थ बंद करत जातात आणि पेशंट उपाशी राहतो. चार किलो वजन गेलंय ना, ते आधी थांबवायचंय. आत्ता काय बंद करायचं हा प्रश्नच नाहीये, जास्तीत जास्त पोटात काय जाईल ते बघायचं.

साखरेचं आधी सांगते. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं, ऑटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच ते दाखवलंय. पण आपण साखर-भात बंद केला म्हणून त्या पेशी उपाशी मरत नाहीत, शरीर स्नायू मोडून रक्तातली साखर तयार करतं, म्हणजे झिजते ती आई. डायबेटिस असेल किंवा स्टेरॉइडने शुगर वाढली असेल तर गोड आवरायचं, ते वेगळं. कोल्ड्रिंक, बिस्किटं, फरसाण याने पोट भरायचं नाही हेही बरोबर, पण आईला दोन घास गोड शिऱ्याचे जात असतील तर जाऊ द्या, त्यात दूध आणि बदामाची पूड घाला.

दूध बंद करायला काही आधार नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल, जुलाब होत असतील (केमोत होतं असं) तर दही, ताक द्या, पण घरी विरजलेलं, ताजं. अल्कलाइन पाण्याचे पैसे वाचवा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ याच्या आत शरीर स्वतः राखतं, फुफ्फुसं आणि किडनी ते काम करतात, पाण्याने तो हलत नाही. उकळून गार केलेलं साधं पाणी भरपूर, दिवसभर थोडं थोडं.

आता प्रथिनं, माझा जीव यातच आहे. केमो चालू असताना किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुमच्या ५२ किलोच्या आईला साधारण ५२ ते ७८ ग्रॅम. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका खातात काय तर भाकरी, पातळ वरण आणि भाजीचा रस्सा, त्यात पंचवीस-तीससुद्धा होत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात साडेसहा-सात, ५० ग्रॅम पनीरमधे ९, मूठभर शेंगदाण्यात ७, तीसेक ग्रॅम कोरड्या डाळीत ७. म्हणून वरण घट्ट करा, चमचा उभा राहील असं, नुसत्या वरच्या पाण्यात काही नसतं. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दहाला उकडलेलं अंडं, दुपारी मऊ भात घट्ट वरण तूप, चारला नाचणीचं सत्त्व दुधातलं किंवा सातूचं पीठ, संध्याकाळी पिठलं किंवा पनीरची भुर्जी, रात्री झोपताना कपभर दूध. मांसाहारी असाल तर चिकनचं पाणी नाही, चिकन. सूप पाजून वाडग्यातले तुकडे मुलांना वाढतात, ते उलटं करा. आणि तुमच्याकडचं हुलग्याचं माडगं! कुळीथ म्हणजे चांगली प्रथिनं, पातळ असल्याने घशाखाली सहज उतरतं, गार झाल्यावर वासही येत नाही.

सोयाबीनबद्दल कोणीतरी सांगेलच की स्तनाच्या कॅन्सरला चालत नाही. जेवणातलं सोयाबीन, सोया वडी, टोफू चालतं, सोयाबीनच्या सत्त्वाच्या (आयसोफ्लेवॉनच्या) गोळ्या नकोत.

मळमळीसाठी: ताट भरून वाढूच नका, छोट्या वाटीत दर दोन तासांनी. गरमागरम जेवणाचा वास जास्त येतो म्हणून कोमट किंवा गार द्या, फोडणी घालताना आईला बाहेरच्या खोलीत किंवा अंगणात बसवा. सकाळी उठल्याउठल्या कोरडं काहीतरी, मुरमुरे, खाकरा, टोस्ट. आल्याचा तुकडा चघळायला, आमसुलाचं सार, लिंबाची फोड. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा द्या. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी (तुमच्या डॉक्टरांनी जशी लिहिलीय तशी). त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, त्याला पाणी, चालणं, भिजवलेले मनुके, तरी नाही झालं तर डॉक्टरांचं औषध, कुंथत बसायचं नाही.

तोंड आलंय त्याला कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा, दर जेवणानंतर आणि झोपताना चूळ. तिखट, आंबट, कडक भाकरी सध्या नको (म्हणजे वरचं लिंबू-आमसूलही तोंड बरं झाल्यावर), दूधभात, खिमट, पिकलं केळं, थंड दही. मऊ ब्रश.

पेशी कमी असतात त्या दिवसांत बाहेरची चटणी, पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, कच्ची कोशिंबीर, न उकळलेलं दूध, अर्धवट शिजलेलं अंडं हे नको. शिळं नको. बाकी सगळं घरचं, ताजं, शिजवलेलं चालतं.

---

निसर्गमित्र

सगळे अलोपॅथीवालेच दिसताहेत. माझ्या ओळखीत एकाने केमो अर्धवट सोडून फक्त गव्हांकुराचा रस, फळांचे रस आणि आठवड्याला दोन दिवस लंघन केलं, आज ठणठणीत आहे. केमोने चांगल्या पेशीपण मरतात हे डॉक्टर सांगत नाहीत. निसर्गात सगळ्यावर उपाय आहे, विश्वास ठेवा. गुळवेल तर अमृता आहे.

---

डाएटवाली

निसर्गमित्र, तुमच्या ओळखीचे बरे आहेत हे ऐकून खरंच आनंद झाला, पण त्यांचं ऑपरेशन झालं होतं का, केमो किती झाली होती, आजार कुठल्या टप्प्यात होता हे माहीत नसताना ते दुसऱ्याच्या आईला लावता येत नाही. चांगल्या पेशींवर परिणाम होतो हे डॉक्टर सांगतात, सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून तर दर केमोआधी रक्त तपासतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मधे छापलेला अभ्यास आहे, बरा होण्यासारखा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमधे तर पाच पटीहून जास्त. ५२ किलोच्या, वजन घटत चाललेल्या बाईला लंघन सांगू नका, हात जोडून विनंती.

मिरजेची लेक, गुळवेलीचा काढा सध्या थांबवा. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात. आयुष मंत्रालयाचं मत वेगळं आहे, तो वाद चालू राहील, पण केमोच्या मधे ही जोखीम कशाला? भाजीतली हळद चालते, दुधातली चालते, हळदीच्या सत्त्वाच्या कॅप्सूल नकोत. कुठलीही पूड, काढा, व्हिटॅमिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. पिशवीत भरून सगळे डबे ओपीडीत घेऊन गेलात तरी चालेल. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, मातीतला असतो, पेशी कमी असताना तोही नको.

---

ओंटारियोतला

मी मूळचा सातारचा, आता कॅनडात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, ऑपरेशन आणि केमो झाली. व्यायामाचा विषय निघालाय म्हणून लिहितो कारण यावर इथल्याच लोकांनी खूप मोठं काम केलंय. चॅलेंज नावाची ट्रायल, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मुख्यत्वे झाली, ८८९ पेशंट, सगळे मोठ्या आतड्याचे, ऑपरेशन आणि केमो पूर्ण झालेले. निम्म्यांना व्यायामाचं पुस्तक दिलं, निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षक दिला, जो भेटून, फोन करून त्यांना चालतं ठेवायचा. २०२५ च्या जूनमधे निकाल आले. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेले, प्रशिक्षकवाल्या गटात ८०.३ टक्के आणि पुस्तकवाल्या गटात ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२ टक्के. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचले, एवढा फरक नुसत्या व्यायामाने! आणि व्यायाम म्हणजे काही जिममधे घाम गाळणं नाही, आठवड्यातून तीनचार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं एवढं बऱ्याच जणांना पुरलं. गुडघे, पाठ, स्नायूंच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत थोड्या जास्त आल्या तेही त्यांनी लिहिलंय, म्हणजे हळूहळूच वाढवायचं.

हा आतड्याच्या कॅन्सरचा आणि केमोनंतरचा अभ्यास आहे, तुमच्या आईला जसाच्या तसा लागू होणार नाही, तरी मला त्यातली एक गोष्ट फार पटली. दोन्ही गटांना माहिती सारखीच होती, व्यायाम चांगला हे सगळ्यांना माहीत होतं. फरक पडला तो कोणीतरी मागे लागल्यामुळे. तेव्हा आईला "चालत जा गं" सांगून भागणार नाही, तिच्याबरोबर कोण चालणार ते ठरवा. गावी गेल्यावर शेजारची मैत्रीण, नातवंडं, कोणीही, पण रोजचं आणि ठरलेल्या वेळेचं. मी माझ्या भावाला साताऱ्यात व्हिडिओ कॉल लावतो, तो अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आणि मी इथे बर्फात, दोघं बोलत बोलत चालतो.

(ज्यांना ऑक्झालिप्लाटिन हे केमोचं औषध चालू आहे त्यांनी केमोनंतरचे काही दिवस गार पाणी, फ्रिजमधल्या वस्तू, गार फरशी टाळा, बोटांत झिणझिण्या येतात. घरात चप्पल घाला. हाता-पायाला बधिरपणा असेल तर सपाट जमिनीवरच चाला.)

---

तापीकाठ

मिश्रीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी जळगावकडचा, गुटख्याने गालाचा कॅन्सर झाला, अर्धा जबडा गेला, रेडिएशन झालं. तंबाखू सुटते हो, सुटते, माझ्यासारख्याची सुटली.

तुम्ही म्हणता आधीच एवढं सोसतेय त्यात ही गोष्ट कशी काढून घेऊ. ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंड आलेलं असताना ती लावली की जखमा भरत नाहीत, त्यातून इन्फेक्शन शिरायला वाट मिळते, आणि तोंडाचा दुसरा कॅन्सर व्हायची भीती राहतेच. सुटली तर आईचंच दुखणं कमी होणार आहे, हिरावून घेतल्यासारखं मानू नका. पण लपून लावते म्हणजे तिला लाज वाटतेय, तेव्हा रागावू नका, डबी फेकून देऊ नका, ती दुसरी आणेल. तिला विचारा की कधी कधी लागते. बहुतेक बायकांना सकाळी संडासला जायच्या आधी लागते, त्याशिवाय पोट साफ होत नाही असं डोक्यात बसलेलं असतं. मग त्या वेळेला दुसरं काहीतरी ठेवायचं, उठल्यावर कोमट पाणी, मग दहा मिनिटं अंगणात फेऱ्या, मग सोडा-मिठाच्या पाण्याची चूळ आणि मऊ ब्रश. हाताला काम आणि तोंडाला चव दोन्ही मिळतं. तलफ आली की ती काही मिनिटंच जोरात असते, तेवढा वेळ काढायचा, पाणी घोट घोट प्यायचं, कोणाशी तरी बोलायचं. सुरुवातीला चिडचिड होईल, झोप बिघडेल, मन उदास होईल, ते निकोटिन सुटल्याचं असतं, घरच्यांनी मनावर घ्यायचं नाही. सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथले समुपदेशक पुन्हा फोन करून चौकशी करतात, मला त्याचा फार आधार झाला. निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या वगैरे केमोवाल्या डॉक्टरांना विचारूनच.

दारूचं तुमच्या घरी नसेल पण बाकीच्यांसाठी, तोंड, घसा, लिव्हर, आतडं आणि स्तन या सगळ्या कॅन्सरशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. थोडी चालते का विचारू नका.

माझ्यासारखे तोंडाच्या कॅन्सरचे कोणी वाचत असतील तर जबड्याचा व्यायाम एक दिवसही सोडू नका. रेडिएशननंतर तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. मला फिजिओने आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातात धरायला शिकवलं, आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. दुखतं, डोळ्यात पाणी येतं, पण आज मी पोळीचा तुकडा दुधात न बुडवता खातो. लाळ कमी होते म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ, आणि दात किडू नयेत म्हणून दाताच्या डॉक्टरकडे फ्लोराइडसाठी जात राहायचं.

---

मिरजेची_लेक

काय बोलू, सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला तुमच्या पोस्ट वाचून दाखवल्या. तापीकाठदादांचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली त्यांना विचार कितव्या दिवसापासून बरं वाटायला लागलं. आज सकाळी मी माडगं केलं तर वाटी संपवली! आणि संध्याकाळी गच्चीवर माझ्या मुलाचा हात धरून फेऱ्या मारल्या.

आता तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, तिनेच लिहायला सांगितलेत. एक, संकष्टी सोडायची नाही म्हणते, वर्षानुवर्षं करतेय. दोन, घरची बाग आहे, द्राक्षं खाल्ली तर चालतील का. आणि तीन, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी बागेत जायचंय तिला, काम नाही करणार म्हणते, नुसती उभी राहीन, पण मला माहितीय ती कात्री हातात घेणारच.

---

तापीकाठ

आईंना सांगा, पहिला आठवडा फार जड गेला, दुसऱ्यात तलफेचं अंतर वाढलं आणि महिन्याभरात भाजीची चव कळायला लागली. त्यांचं तोंड आधीच दुखतंय त्यामुळे त्यांना फरक लवकर जाणवेल.

---

डाएटवाली

माडग्याची वाटी संपली हे वाचून फार बरं वाटलं.

संकष्टीचं. केमोनंतरचा पहिला आठवडा आणि पेशी खाली असतात ते दिवस यात उपास नको म्हणजे नकोच, जुलाब-उलट्या चालू असताना तर मुळीच नाही. तिसऱ्या आठवड्यात संकष्टी आली आणि तब्येत बरी असली तर चंद्रोदयापर्यंत रिकाम्या पोटी न राहता फराळ करून करू दे. फक्त साबुदाणा खिचडी नको, साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्यापेक्षा राजगिऱ्याची लाही दुधात, शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात, पनीर, दही, केळं असं दर दोन तासांनी. औषधं वेळेवर, पाणी भरपूर. आजारी माणसाला उपासाची सूट आपल्याकडे कायम आहे, आईला पटत नसेल तर त्यांच्या विश्वासातल्या कोणा मोठ्या माणसाकडून सांगा.

द्राक्षं चालतील, पण पेशी वर आल्या की. द्राक्षाच्या सालीवर फवारणीचा अंश आणि धूळ असते, फवारणीनंतर काढणीचे जे दिवस सोडायचे असतात ते पाळलेल्या बागेतलीच घ्या, अख्खा घड धुण्यापेक्षा मणी सुटे करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पेशी कमी असतात तेव्हा जाड सालीची फळं, केळं, मोसंबी, संत्रं, घरी सोलून. पपनस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्या जातीच्या फळांनी काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं.

बागेचं रानवाटाताई जास्त चांगलं सांगतील.

---

रानवाटा

मन रमणार असेल तर जाऊ दे गं तिला! स्वतःच्या बागेत दोन ओळी चालून आली तर गच्चीवरच्या शंभर फेऱ्यांपेक्षा तिला ते गोड लागेल. फक्त काही गोष्टी पाळायच्या. फवारणी चालू असेल त्या दिवशी आणि त्यानंतर लगेच बागेत नाही, छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला जे पेस्ट लावतात त्याच्याजवळपासही नाही. बंद बूट, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज किंवा शर्ट, हातमोजे, डोक्याला रुमाल आणि सकाळच्या उन्हातच, केमोने कातडी उन्हाला नाजूक होते. माती-खतात हात घालायचा नाही, पेशी कमी असताना तर शेतात जाणंच टाळायचं. कात्री उजव्या हाताने सध्या नको, काडी लागून साधं खरचटलं तरी त्या हाताला इन्फेक्शन पटकन होतं. खरचटलंच तर साबणाने धुवून मलम आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठव. तिला एक खुर्ची दे आणि छाटणाऱ्या माणसांवर देखरेख करायला सांग, किती डोळे ठेवायचे ते तिच्यापेक्षा कोणाला जास्त कळतंय? तारीख ठरली की आधी केमोचं वेळापत्रक बघ, पुढची केमो आणि मागची केमो यातला तिसरा आठवडा धर, आणि जायच्या एकदोन दिवस आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून घे.